पांढरीवरून माणसं मोजताना: नदीखोऱ्यातल्या प्राचीन लोकसंख्येचा चढउतार कसा काढायचा

जोर्वे संस्कृतीची, म्हणजे ताम्रपाषाणयुगात तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची, दोनशेहून जास्त ठिकाणं महाराष्ट्रात आजवर नोंदली गेली आहेत. प्रवरेकाठचं दायमाबाद त्यांत सर्वांत मोठं, सुमारे २० हेक्टरांचं. घोड नदीकाठचं इनामगाव साधारण ५ हेक्टरांचं. बाकीची बहुतेक एक-दोन हेक्टरांची खेडी. इ.स.पू. १००० च्या सुमारास तापी आणि गोदावरी-प्रवरा खोऱ्यांतली ही गावं उठली. भीमेच्या खोऱ्यात मात्र वस्ती इ.स.पू. ७०० पर्यंत राहिली. ‘लोकसंख्या घटली’ असं इथून पटकन लिहिलं जातं. किती घटली, आणि घटली की नुसती हलली, हे ठरवायचं तर पुढचं सगळं करावं लागतं.

आधीच एक सांगून ठेवतो. खोऱ्यात नेमकी किती माणसं होती हा आकडा कोणत्याही पद्धतीने नीट निघत नाही. दोन काळांमधलं प्रमाण मात्र बऱ्यापैकी निघतं. त्या प्रमाणात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘हेक्टरी माणसं किती’ यावरून नव्हे, तर ‘एक गाव किती वर्षं नांदलं’ यावरून. नवखे लोक पहिल्या प्रश्नावर महिने घालवतात आणि दुसरा विचारतच नाहीत.

१. खोरं आणि काळ ठरवा

एकच नदीखोरं घ्या, तेही आवाक्यातलं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा एक नकाशा आपल्याकडे सातशेहून जास्त चौरस किलोमीटर भाग दाखवतो. चार-पाच जणांच्या गटाला पहिल्या हंगामात त्याचा एक भागही पुरून उरतो.

किमान दोन लागोपाठचे कालखंड हवेत, नाहीतर बदल कशाशी ताडून बघणार? दख्खनच्या ताम्रपाषाणयुगासाठी सर्वसाधारणपणे वापरला जाणारा क्रम असा: माळवा इ.स.पू. १६०० ते १४००, पूर्व (म्हणजे आधीचं) जोर्वे १४०० ते १०००, उत्तर (म्हणजे नंतरचं) जोर्वे १००० ते ७००. तीन कालखंड आणि तिन्हींची लांबी वेगळी: २००, ४०० आणि ३०० वर्षं. ही लांबी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सहाव्या पायरीत तिच्यावरच सगळं अडणार आहे.

२. घरात बसून करायचं काम

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वार्षिक अहवालांत जिल्हावार स्थळांच्या याद्या आहेत. त्या, जिल्हा गॅझेटियर आणि डेक्कन कॉलेजातले प्रबंध यांतून एक यादी करा आणि क्यूजीआयएस या नकाशे करायच्या संगणकप्रणालीत चढवा. प्रत्येक स्थळासाठी रकाने: गाव, तालुका, नदी, अक्षांश-रेखांश, कालखंड, क्षेत्रफळ, ते कोणी आणि कसं मोजलं, आणि खात्री किती. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि पुढे पस्तावतात.

जुन्या याद्यांत दोन खोड्या हमखास सापडतात. एकच टेकाड दोन नावांनी नोंदलेलं असतं, एकदा गावाच्या नावाने आणि एकदा वाडीच्या. दुसरी खोडी धरणांमुळे होते. पुनर्वसनात गाव हललं, नावही बरोबर गेलं, आणि आजच्या नकाशावर ते नाव भलत्याच जागी दिसतं. उजनीच्या फुगवट्यात असं पुष्कळ झालं. यावर उपाय म्हणजे अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांची छायाचित्रं. ती १९६० ते १९७२ या काळातली आहेत, म्हणजे बरीच धरणं, कालवे आणि जमिनीचं सपाटीकरण व्हायच्या आधीची. आज ऊस उभा आहे तिथे तेव्हा पांढरं टेकाड होतं हे त्यांत दिसू शकतं.

३. पायी फिरणं

आधीच्या शोधमोहिमा बहुतेक नदीच्या काठाने झाल्या. मग यादीतली सगळी स्थळं नदीकाठी असतात, आणि ‘हे लोक नदीकाठीच राहत’ असा निष्कर्ष निघतो. हे टाळायला खोऱ्याचे तीन पट्टे करा: काठ, काठापासून वरची काळी जमीन, आणि माळ. प्रत्येक पट्ट्यात एक किलोमीटर बाजूचे चौकोन आखा आणि चिठ्ठ्या टाकून त्यांतले दहा-पंधरा टक्के निवडा. निवडलेल्या चौकोनात काही मिळालं नाही तरी त्याची नोंद करायचीच. रिकामा चौकोन हासुद्धा आकडाच आहे.

पाच जण एकमेकांपासून २० मीटरवर चालले की एका फेरीत १०० मीटर रुंदीचा पट्टा होतो. एका चौकोनाला दहा फेऱ्या लागतात, म्हणजे प्रत्येकी १० किलोमीटर चाल. नोंदी, फोटो आणि शेतकऱ्यांशी बोलणं धरून एक अख्खा दिवस जातो. हंगाम रब्बीची काढणी झाल्यावरचा, फेब्रुवारीअखेर ते मे. ज्वारी उभी असताना पायाखालचंही दिसत नाही. प्रत्येक शेताला जमीन किती दिसते याचे १ ते ५ गुण द्या. ५ गुणांच्या नांगरटीत तीन स्थळं आणि १ गुणाच्या उसात शून्य, या दोन आकड्यांची तुलना होत नाही.

शोधायचं काय? गाव बसतं ती पांढर, पिकतं ती काळी. काळ्या रानात राखाडी-पांढरट मातीचा उंचवटा दिसला की थांबा. खापरं तर असतीलच, पण नुसत्या खापरांवर वस्ती ठरवू नका. हाडांचे तुकडे, राख, गारगोटीच्या जातीच्या दगडाची पाती, आणि कुडाच्या भिंतीचं भाजलेलं लिंपण बघा. लिंपणाच्या ढेकळात काटक्यांचे किंवा बोरूचे ठसे उमटलेले असतात. ते ढेकूळ मिळालं तर घर होतं असं समजायला हरकत नाही.

याचं कारण असं, की पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून आणि धाब्याच्या घरांवर टाकायला नेलेली असते. त्या मातीबरोबर खापरंही जातात. दीड-दोन किलोमीटरवरच्या शेतात विरळ, सारखी पसरलेली, झिजलेली खापरं मिळतात आणि नवखा गट तिथे एक ‘नवं गाव’ नोंदवतो. त्या जागी राख नसते, हाडं नसतात, लिंपण नसतं.

उलट बाजूही आहे. नदीच्या गाळाखाली पुरलेली वस्ती वरून अजिबात दिसत नाही. म्हणून ओढ्यांचे आणि नदीचे उभे कापलेले काठ चालून बघा, नव्या विहिरींचा आणि शेततळ्यांचा उपसा बघा. जेसीबीने नुकताच कापलेला बांध असेल तर तो आधी.

खणायचं मात्र नाही, एक वीतही नाही. उत्खननाला परवाना लागतो. संरक्षित स्थळावरचं खापर उचलायचं नाही. इतर ठिकाणी पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि शेताच्या मालकाची संमती, दोन्ही आधी घ्या. परवानगी नसेल तर पट्टी ठेवून फोटो काढा आणि खापर जागच्या जागी ठेवा.

४. खापरांवरून काळ

जोर्वेचं रंगवलेलं खापर एकदा हातात घेतलं की पुन्हा चुकत नाही. माती बारीक मळलेली, भाजणी पक्की. पृष्ठभाग तांबूस-नारिंगी आणि बिनचकाकीचा, त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी. नखाने टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. कोन असलेला वाडगा आणि तोटीचं भांडं हे ओळखीचे आकार. माळव्याच्या भांड्याची माती जाडसर, वर जाड पिवळट किंवा नारिंगी लेप आणि गडद तपकिरी-काळी नक्षी. उत्तर जोर्वेत घडण तीच पण भाजणी कच्ची, नक्षी कमी.

अडचण अशी, की पृष्ठभागावरच्या खापरांतली फार थोडी रंगवलेली असतात. बाकीचा ढीग साध्या, जाड, स्वयंपाकाच्या भांड्यांचा, आणि तो तिन्ही काळांत जवळपास सारखाच. ‘जोर्वे’ एवढंच सांगता येणारं खापर म्हणजे इ.स.पू. १४०० ते ७०० ही सातशे वर्षं. ते पूर्व किंवा उत्तर या रकान्यात ढकलण्याचा मोह आवरा आणि ‘जोर्वे, अनिश्चित’ असा वेगळा रकाना ठेवा. हिशोब करताना तो एकदा सगळा पूर्वेत, एकदा सगळा उत्तरेत आणि एकदा कालखंडांच्या लांबीप्रमाणे ४:३ असा वाटून बघा. तिन्ही वेळा घट दिसली तर ती घट खरी मानायला बळ येतं.

५. क्षेत्रफळ

टेकाडाचा परीघ जीपीएस घेऊन चालणं पुरेसं नाही. नांगर दरवर्षी खापरं बाहेर ओढतो, त्यामुळे पसारा मूळ गावापेक्षा मोठा होतो. टेकाडाच्या मध्यापासून चार दिशांना दोर टाका. दर २० मीटरवर ३ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा, त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर होतं, आणि त्यातली खापरं मोजा. संख्या एकदम कोसळते तिथे गावाची हद्द धरा. किती खापरांना हद्द म्हणायचं तो आकडा तुम्ही ठरवा, पण मोहिमेच्या मध्यात बदलू नका.

हे प्रत्येक काळासाठी वेगळं मोजायचं. नेवाशासारख्या ठिकाणी ताम्रपाषाणयुगाच्या वर सातवाहन काळाचा थर आहे. तिथे वरून दिसतो तो पसारा नंतरच्या गावाचा, खालचं गाव त्याच्या निम्मं असेल किंवा दहावा भाग. अख्ख्या टेकाडाचा आकडा जोर्वेच्या नावावर घालणं ही प्रकाशित कामांतही सापडणारी चूक आहे.

६. एका वेळी किती गावं नांदती होती

इथे घाई करू नका. ‘पूर्व जोर्वे: २४ स्थळं’ याचा अर्थ चारशे वर्षांत कधी ना कधी वसलेली २४ गावं. ती सगळी एकाच वर्षी नांदत होती असं नव्हे. एक गाव उठून शेजारी दुसरं वसलं तर माणसं तेवढीच, स्थळं दोन.

एक काल्पनिक खोरं घेऊ. पूर्व जोर्वे: ४०० वर्षं, २४ स्थळं, सरासरी २.५ हेक्टर, एकूण ६० हेक्टर. उत्तर जोर्वे: ३०० वर्षं, ९ स्थळं, सरासरी २ हेक्टर, एकूण १८ हेक्टर. सरळ तुलना केली तर ७० टक्के घट.

आता सूत्र लावा:

एका वेळी नांदती गावं = स्थळांची संख्या × त्या कालखंडातलं एका गावाचं आयुष्य ÷ कालखंडाची लांबी

दोन्ही काळांत गाव १५० वर्षं टिकलं असं धरलं तर पूर्वेत २४ × १५० ÷ ४०० = ९ गावं, म्हणजे २२.५ हेक्टर. उत्तरेत ९ × १५० ÷ ३०० = ४.५ गावं, म्हणजे ९ हेक्टर. घट ६० टक्के.

पूर्वेतली गावं १०० वर्षांत उठत होती आणि उत्तरेतली २०० वर्षं टिकली असं धरा. दोन्हीकडे ६ गावं, १५ हेक्टर विरुद्ध १२ हेक्टर. घट फक्त २० टक्के.

उलटं धरा, पूर्वेत २५० आणि उत्तरेत १०० वर्षं. १५ गावं विरुद्ध ३, म्हणजे ३७.५ हेक्टर विरुद्ध ६. घट ८४ टक्के.

यादी तीच, खापरं तीच, आणि उत्तर २० पासून ८४ टक्क्यांपर्यंत कुठेही. म्हणून गावाचं आयुष्य धरायचं कशावरून, हे अहवालात स्पष्ट लिहावं लागतं. नदीने कापलेल्या काठात वस्तीच्या थराची जाडी मोजा आणि एकावर एक आलेल्या सारवलेल्या जमिनी मोजा. पातळ, एकच जमीन असलेला थर म्हणजे एक-दोन पिढ्यांची वस्ती. पाच-सहा जमिनी म्हणजे लांबचा मुक्काम. शेजारच्या उत्खनित गावाशी ताडून बघा.

इनामगावसारखं गाव या सूत्रात घालू नका. तिथे माळवा ते उत्तर जोर्वे असे तिन्ही काळ सलग आहेत. अशी खात्रीची गावं वेगळी काढा, प्रत्येक काळात पूर्ण एक म्हणून मोजा, आणि सूत्र फक्त उरलेल्यांना लावा.

७. हेक्टरावरून माणसं

प्राचीन खेड्यांसाठी हेक्टरी १०० ते २०० माणसं हा पल्ला बऱ्याच ठिकाणी वापरला गेला आहे, पश्चिम आशियात विशेष. वरच्या उदाहरणातल्या २२.५ हेक्टरांना तो लावला तर २,२५० ते ४,५०० माणसं होतात. आकडा सांगायचाच झाला तर असा पल्ल्यातच सांगा.

प्रमाण काढताना घनता, म्हणजे हेक्टरी माणसं, वर-खाली छेदून जाते, म्हणून ती १०० धरली काय आणि २०० काय, घट तेवढीच येते. मात्र दोन्ही काळांत घनता सारखी असेल तरच. इनामगावात नेमकं तसं नाही. पूर्व जोर्वेत चौकोनी घरं रांगेने आहेत, धान्याचं कोठार आहे, पाणी वळवायला पाट आहे. उत्तर जोर्वेत लहान गोल झोपड्या आहेत. एक हेक्टर पूर्वेचा आणि एक हेक्टर उत्तरेचा यांत माणसं सारखी मावत नव्हती असं समजूनच पुढे जायला हवं.

दुसरा मार्ग घराच्या जमिनीवरून जातो. मानवशास्त्रज्ञ राऊल नॅरोल यांनी १९६२ मध्ये माणशी १० चौरस मीटर छताखालची जागा असा ढोबळ नियम मांडला. तो वापरून बघा. ५ × ३ मीटरचं घर म्हणजे १५ चौरस मीटर, दीड माणूस. ३ मीटर व्यासाची गोल झोपडी म्हणजे ७ चौरस मीटर, एक पुरा माणूसही नाही! अशा हवेत स्वयंपाक, दळण, बैठक सगळं अंगणात चालतं, आणि अंगणाभोवतीच्या दोन-तीन झोपड्या मिळून एकच बिऱ्हाड असू शकतं. म्हणून झोपडी न मोजता चुली आणि अंगणं मोजा, म्हणजे बिऱ्हाडं कळतील. बिऱ्हाडामागे ४ ते ६ माणसं धरून पुढे जा.

८. कार्बन तारखा

कोळसा, दाणे यांतला किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून त्यांचं वय निघतं, ती कार्बन तारीख. तारखांची संख्या म्हणजे माणसांच्या वावराची खूण, असं मानून सगळ्या तारखांच्या शक्यता बेरजेत मांडायची पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. आर या संगणकभाषेतलं ‘आरकार्बन’ आणि ‘ऑक्सकॅल’ ही दोन्ही साधनं फुकट आहेत. बेरजेचा वक्र अर्ध्या तासात निघतो, आणि धोका तिथेच आहे.

पहिलं म्हणजे जुन्या तारखा तपासा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेल्या, टीएफ क्रमांकाच्या तारखा अहवालांत अनेकदा ५,७३० वर्षांचं अर्धायुष्य (किरणोत्सारी कार्बन निम्मा व्हायला लागणारा काळ) धरून छापल्या आहेत. कार्बनवरून आलेलं वय खऱ्या वर्षांत बदलणाऱ्या (कॅलिब्रेट करणाऱ्या) कालमापन वक्राला ५,५६८ वर्षांच्या अर्धायुष्याची तारीख लागते. म्हणून छापील वयाला १.०३ ने भागा: ३,३०० चे सुमारे ३,२०४ होतात. ‘इ.स.पू.’ असं छापलेलं असेल तर आधी १,९५० मिळवून वय काढा, मग भागा, मग इंटकॅल२० या कालमापन वक्रावर टाका. ही पायरी चुकली तर अख्खं खोरं शंभरएक वर्षं सरकतं.

दुसरं, जुन्या तारखांची चूक-मर्यादा ±१०० किंवा जास्त असते. ३,००० ± १०० या वयाचा कॅलिब्रेट केलेला पल्ला ढोबळमानाने इ.स.पू. १४५० ते ९५० असा येतो, म्हणजे जवळपास अख्खं पूर्व जोर्वे. तिसरं, इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात कालमापन वक्र सपाट आहे. उत्तर जोर्वेचा शेवट नेमका तिथे पडतो. ‘इ.स.पू. ७०० ला वस्ती संपली’ हे फक्त कार्बनवर टेकवू नका.

चौथं, जिथे जास्त उत्खनन तिथे जास्त तारखा. इनामगावला बारा हंगाम खोदकाम झालं, शेजारच्या टेकाडाला कोणी हातही लावला नाही. म्हणून एकाच स्थळाच्या, एकमेकांपासून १०० वर्षांच्या आतल्या तारखांचा एक गठ्ठा करा. लाकडी वाशाच्या कोळशापेक्षा जळलेल्या जवाच्या दाण्याची तारीख घ्या, कारण वासा घरापेक्षा कितीतरी जुना असू शकतो.

एवढं करूनही, बेरजेच्या वक्रातले चढउतार वाचायला काहीशे तारखा लागतात. एका खोऱ्यातल्या जोर्वेसाठी तेवढ्या मिळणार नाहीत. मग वक्र छापू नका. तारखा वस्तीची सुरुवात आणि शेवट बांधायला वापरा, त्यासाठी त्या उत्तम आहेत.

९. घटली की हलली

इनामगावात दोनशेहून जास्त दफनं मिळाली, त्यांतली बहुतेक लहान मुलांची, दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेली. ही संख्या लोकसंख्येत घालू नका. कोणाला घरात पुरायचं हे रीत ठरवते. ५ ते १९ वर्षांचे सांगाडे भागिले ५ वर्षांवरचे सगळे सांगाडे, हे गुणोत्तर वाढत्या लोकसंख्येत जास्त येतं. पण त्यासाठी मोठ्यांचे सांगाडेही पुरेसे हवेत.

गावं उठली तेव्हा माणसं मेंढरं घेऊन फिरती झाली असतील, तर तुमच्या सर्वेक्षणात ती दिसणारच नाहीत. मेंढपाळांच्या फिरत्या वाड्याची (तळाची) राख आणि चार खापरं पहिल्या दोन पावसांत जातात. म्हणून माळावरचे चौकोन मन लावून चाला, आणि उत्खनित गावांत शेळ्यामेंढ्यांच्या हाडांचं प्रमाण वाढतंय का ते बघा. शेजारच्या खोऱ्यात त्याच शतकात स्थळं वाढली का, तेही तपासा.

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या पडझडीमागे कोरडं होत गेलेलं हवामान असल्याचं मांडलं. त्यावर वाद आहे. तुमच्या खोऱ्यापुरतं एवढं पाळा: दुष्काळाचा पुरावा नदीच्या गाळातून, परागकणांतून किंवा पिकांच्या अवशेषांतून वेगळा यायला हवा. गावं उठली म्हणून दुष्काळ पडला असणार, आणि दुष्काळ पडला म्हणून गावं उठली, असा गोल हिशोब चालणार नाही.

१०. अहवालात काय छापायचं

प्रत्येक काळासाठी हे आकडे एका तक्त्यात द्या: चाललेलं क्षेत्र, रिकामे चौकोन, स्थळं, अनिश्चित स्थळं, एकूण हेक्टर, धरलेलं आयुष्य (कमीत कमी आणि जास्तीत जास्त), नांदते हेक्टर, आणि शेवटी घटीचा किंवा वाढीचा पल्ला. गावाचं आयुष्य आणि घनता तुमच्या पल्ल्यांतून यादृच्छिकपणे निवडून संगणकावर हजार वेळा हिशोब फिरवा आणि मधल्या ९५ टक्के उत्तरांचा पल्ला लिहा. तो ‘२५ ते ८० टक्के घट’ असा रुंद आला तर तसाच छापा. तो अरुंद करायचा असेल तर पुढच्या हंगामात नवी स्थळं शोधण्याऐवजी आहेत त्यांतल्या तीन-चार टेकाडांचे कापलेले काठ साफ करून थर मोजण्याची परवानगी मागा.